आज एवढेच

वैशाख सरत आला आणि सह्याद्रीच्या माथ्यावर दुपारचे ढग जमू लागले की आमच्या महाड-पोलादपूरकडच्या गावांत घरे शाकारण्याची घाई सुरू होते. वर्षभरात वानरांनी उलथीपालथी केलेली कौले परतायची असतात, कुजलेल्या रिपा बदलायच्या असतात, पन्हळी साफ करायच्या असतात. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात अशाच एका सकाळी माझे थोरले बंधू अण्णा आमच्या पोलादपूर तालुक्यातील घराच्या छपरावर चढले. वय सहासष्ट. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. "गडी मिळत नाही, आणि काम तर दोन तासांचे," असे म्हणून ते शिडीवर चढले. पायाखालची रीप मोडली आणि ते जोत्याच्या दगडावर कोसळले.

रक्त फारसे आले नाही. ते उठून बसले, पाणी मागितले, "काही झालेले नाही, शिडी बाजूला ठेवा," असेही म्हणाले. तासाभराने मात्र त्यांना गुंगी येऊ लागली, उलटी झाली, बोलणे बरळल्यासारखे झाले. महाडमार्गे मुंबईला नेईपर्यंत संध्याकाळ झाली होती. कवटीच्या आत साचलेली रक्ताची गुठळी शस्त्रक्रिया करून काढावी लागली. बावीस दिवसांनी ते घरी परतले, तेव्हा सावित्रीला पहिले गढूळ पाणी आले होते.

गाव भेटायला लोटला. देवाने राखले, असे प्रत्येकाने म्हटले. रात्री सारे पांगल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वन्सं, हे पूर्वीसारखे कधी होतील हो?"

मी आयुष्यभर परिचारिकेची नोकरी केली आहे. हा प्रश्न मी कितीतरी खाटांच्या कडेला उभी राहून ऐकला होता आणि त्याचे ठरलेले उत्तर माझ्या जिभेवर होते. "होतील हळूहळू," मी म्हणाले. आज या सदरातून मला त्या उत्तराची दुरुस्ती करावयाची आहे. हे लिहिण्यापूर्वी मी ते अण्णांना आणि वहिनींना वाचून दाखविले आहे, आणि त्यांच्या संमतीनेच ते आपल्यापर्यंत येत आहे.

न दिसणारी जखम

हाड मोडले तर प्लास्टर दिसते. मेंदूला इजा झाली की टाके निघतात, केस पुन्हा उगवतात आणि माणूस बाहेरून धडधाकट दिसू लागतो. आतल्या जखमेची खूण कुठेच नसते. म्हणूनच या दुखण्यात सहानुभूती लवकर आटते आणि गैरसमज लवकर वाढतात.

अण्णांच्या कागदपत्रांवर पहिल्या दिवशीचा एक आकडा लिहिलेला होता, ८. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये सुचविलेले हे मोजमाप आज जगभर वापरले जाते. रुग्ण डोळे कसे उघडतो, बोलतो कसा, हात-पाय कसे हलवतो यावरून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ गुण दिले जातात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. घरातील माणसे हा आकडा ललाटलेखासारखा उराशी धरून बसतात. तो इजेच्या वेळची अवस्था सांगतो. पुढचा माणूस कसा असेल, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही.

घरी आलेले अण्णा चालत होते, जेवत होते, माणसे ओळखत होते. पण सकाळी गोळी घेतली की नाही, हे त्यांना दहा मिनिटांनी आठवत नसे. एकच प्रश्न ते चार वेळा विचारत. ओळखीचा शब्द ओठांवर येऊन अडे. अकरा वाजेपर्यंत ते इतके थकत, की शेतावरून आल्यासारखे आडवे होत. मिक्सरचा आवाज झाला की ओरडत, आणि एखाद्या मुलाने सहज "गुरुजी" म्हणून हाक मारली तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. चाळीस वर्षांत ज्यांनी वहिनींना अरे-तुरे केले नव्हते, ते एका सकाळी चहाची बशी भिरकावून मोकळे झाले.

जेवणावरून तर रोजच कटकट. फणसाच्या भाजीला चव नाही, आमटीला चव नाही. वहिनी बिचाऱ्या मसाला वाढवीत राहिल्या. एके दिवशी दूध उतू जाऊन करपले, घरभर वास पसरला, आणि शेजारीच बसलेल्या अण्णांना त्याचा पत्ताही लागला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले की दोष भाजीचा नव्हता. नाकाच्या मुळाशी चाळणीसारखे एक हाड असते. त्याच्या छिद्रांतून वासाचे नाजूक तंतू मेंदूकडे जातात, आणि डोके जोरात आदळले की ते तुटू शकतात. वास गेला की चवीचा मोठा भाग जातो. त्या दिवसापासून भाजीवरचे भांडण संपले. ज्या घरी अशी व्यक्ती आहे, तिथे गॅसची गळती किंवा शिळे अन्न तिला कळणार नाही, हे इतरांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

रागाचेही तसेच आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्या भावनांना लगाम घालतो. तिथे इजा झाली की राग नवा येतो असे नाही. पूर्वी आवरता येणारा राग आता आवरत नाही. हे कळल्याने बशी फुटायची राहत नाही, पण फुटलेल्या बशीचा अर्थ बदलतो.

'पूर्ववत' या शब्दाचा जाच

आमच्या गावी श्रावणात देवळात पोथी लावतात. वीस-बावीस वर्षे ती अण्णांनीच वाचली होती. अपघाताला तीन महिनेही झाले नव्हते, तरी पहिल्याच श्रावणात त्यांनी हट्ट धरला की पोथी मीच वाचणार. आम्हीही विरोध केला नाही. उलट, पोथी वाचली की अण्णा पूर्ववत झाले असे सर्वांना दिसेल, अशी आमचीच आशा होती. तिसऱ्या ओवीला ते अडखळले. पुन्हा आरंभ केला, पुन्हा अडखळले. देवळात पंचवीस-तीस माणसे. कोणी हसले नाही, पण कोणी बोललेही नाही. अण्णांनी पोथी मिटली, उठले आणि पावसातून तसेच घरी गेले.

त्यानंतर ते उंबऱ्याबाहेर पडेनासे झाले. दिवाळीच्या सुमारास एकदा मला म्हणाले, "छपरावर जो चढला होता, तो खाली आलाच नाही गं. हा दुसराच कोणीतरी तुम्ही घरी आणलात."

ते वाक्य ऐकून मला माझ्या उत्तराची लाज वाटली. 'होतील हळूहळू' या दोन शब्दांतून आम्ही सर्वांनी मिळून त्यांच्यापुढे एक जुने अण्णा उभे केले होते, आणि रोज सकाळी त्या अण्णांच्या शेजारी उभे करून आम्ही त्यांची उंची मोजत होतो. त्या मापात ते रोज कमीच भरणार होते.

महाडला राहणाऱ्या माझ्यासारखीला हे अगोदरच कळायला हवे होते. २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही पाहिला आहे. तळियेवर दरड कोसळली तो दिवसही हाच. बाजारपेठेतील तळमजले पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल उपसला, भिंती धुतल्या, भिजलेले फोटो दोरीवर वाळत घातले. पण घर लावताना कोणी ते होते तसे लावले नाही. विजेची बटणे वर घेतली, धान्याचे डबे आणि कागदपत्रे माळ्यावर नेली, फ्रिजखाली चौथरा बांधला. पूर येऊन गेला आहे हे मान्य करूनच आम्ही पुन्हा त्याच घरात राहू लागलो. ते मान्य केले म्हणून कोणी आम्हाला हार मानलेले म्हटले नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण 'होते तसे' याशिवाय दुसरे काही ऐकून घेत नाही.

मेंदूचेही काम काहीसे असेच चालते. मेलेल्या पेशी बहुतांशी परत येत नाहीत. पण शेजारच्या पेशी नवे धागे जोडतात, एक वाट बंद झाली तर दुसरी वाट सरावाने रुळते. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो, नंतर तो मंदावतो. वयस्कांमध्ये तो आणखी संथ असतो. परंतु मंदावणे म्हणजे थांबणे नव्हे. योग्य सराव चालू राहिला तर वर्षांनंतरही माणूस नवी कामे, नव्या युक्त्या शिकू शकतो.

परतणे, पण वेगळ्या जागी

क्रिकेटचे जुने शौकीन असलेल्या वाचकांना १७ मार्च १९६२ हा दिवस आठवत असेल. वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोस संघाविरुद्ध खेळताना भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. कवटीला इजा झाली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. ते वाचले. पुढे प्रथम श्रेणीच्या सामन्यांत पुन्हा बॅट घेऊन उभेही राहिले. कसोटी सामना मात्र त्यांना पुन्हा खेळता आला नाही. उरलेल्या आयुष्यात त्यांनी मुंबईत मुलांना क्रिकेट शिकविले. डोक्यात बसविलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये काढण्यात आली. ते परतले हे खरे, आणि जिथून गेले होते तिथे परतले नाहीत हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे. पक्षाघात ही देखील मेंदूचीच इजा आहे. तिथे बाहेरून मार लागत नाही, आतला रक्तपुरवठा तुटतो किंवा रक्तवाहिनी फुटते. मे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. उजव्या हाताची वाट पाहत न बसता त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे मी मोठ्या उत्साहाने अण्णांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते महात्मा होते. मी मास्तर आहे."

त्यांचे बरोबर होते. थोरांची उदाहरणे आजाऱ्याच्या उशाशी ठेवली की कित्येकदा ती त्याच्या छातीवरचा दगड होतात. 'बघा, त्यांनी केले, मग तुम्हाला का जमत नाही?' असा त्यांचा अर्थ होतो. 'सकारात्मक राहा' या उपदेशाचेही तेच. ज्याला स्वतःच्या नातवाचे नाव पटकन आठवत नाही, त्याला आनंदी राहण्याचा आदेश देणे हा एक प्रकारचा छळ आहे. जोतीरावांकडून घ्यायचे ते पुस्तक नव्हे, डावा हात घ्यायचा. म्हणजे, जे उरले आहे त्याने काम सुरू करणे. अण्णांचा डावा हात कोणता, हे आम्हाला शोधायचे होते.

पाटी आणि वही

तो वहिनींनी शोधला. माळ्यावर अण्णांच्या शाळेतली एक जुनी पाटी होती. ती पुसून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी टांगली आणि त्यावर वार, तारीख, गोळ्यांची वेळ आणि दिवसभरातली दोन कामे लिहिली. पहिल्या दिवशी अण्णांनी ती हाताने पुसून टाकली. "मला अक्षरे गिरवायला लावतेस?" वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी कोरी ठेवली आणि खाली खडू ठेवला. आठवडाभराने एका सकाळी पाटीवर अण्णांच्या वळणदार अक्षरात वार लिहिलेला होता. वार चुकीचा होता. वहिनींनी तो त्या दिवशी दुरुस्त केला नाही.

त्याच सुमारास आम्ही आणखी एक गोष्ट केली, आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय ही हकीकत अपुरी राहील. अण्णांना डॉक्टरांकडे पुन्हा नेले. मेंदूच्या इजेनंतर नैराश्य येणे फार सामान्य आहे. काही अंशी ते परिस्थितीमुळे येते, काही अंशी इजेमुळेच. ते मनाच्या दुबळेपणाचे लक्षण नाही आणि त्यावर उपचार आहेत. अण्णांना औषध सुरू झाले, वाचा-उपचार तज्ज्ञांनी शब्दांचे आणि वाचनाचे व्यायाम दिले. पुढे जे घडले त्यात पाटीचा वाटा आहे, तसा या उपचारांचाही आहे.

वाचा-उपचार तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून एक वही घातली. रोज रात्री तिच्यात एकच ओळ लिहायची: आज काय जमले. पहिली पाने वाचताना आजही गळा दाटतो. 'आज नळाचे पाणी भरले.' 'आज दाढी स्वतः केली.' 'आज नातवाचे नाव लगेच आठवले.' काही दिवशी 'आज काही नाही' असेही लिहिलेले आहे, आणि तेही तसेच राहू दिले आहे. हळूहळू या वहीने एक काम केले. अण्णांना आपली तुलना छपरावर चढलेल्या माणसाशी न करता मागच्या महिन्यातल्या माणसाशी करता येऊ लागली. सकारात्मक दृष्टी म्हणतात ती आमच्या घरी अशी आली. तिचा आरंभ माप बदलण्यापासून झाला.

शुश्रूषा करणाऱ्याचे दुःख

इतके दिवस सर्वांचे लक्ष अण्णांकडे होते. एके दुपारी भांडी घासता घासता वहिनी म्हणाल्या, "नवरा समोर ओटीवर बसलाय, आणि मला त्याचीच आठवण येते. हे कुणाला सांगायचे?"

माणूस गेला तर रडायला चार जण जमतात, दहावे-तेरावे होते, दुःखाला एक रीत असते. माणूस समोर आहे आणि तरीही हरवला आहे, या दुःखाला आपल्याकडे रीत नाही. अमेरिकेतील कुटुंब-अभ्यासक पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणू या. त्यांचे सांगणे साधे आहे: हे दुःख खरे आहे, ते संपेलच असे नाही, आणि त्याच्यासह जगणे शिकता येते. वहिनींनाही एक स्वीकार करायचा होता. ज्यांच्याशी लग्न केले त्यांच्यासाठी रडायचे होते, आणि ओटीवर बसलेल्यांशी नव्याने ओळख करून घ्यायची होती. ही दोन्ही कामे एकाच बाईला, एकाच दिवसात, स्वयंपाक सांभाळून करायची होती.

त्यानंतर आम्ही घरात नियम केला. आठवड्यातून दोन दुपारी अण्णांजवळ मी किंवा पुतण्या थांबतो आणि वहिनी बाहेर पडतात. कधी बचत गटाच्या बैठकीला, कधी महाडच्या बाजारात, कधी नुसत्याच माहेरी. सुरुवातीला त्यांना अपराधी वाटे. आता त्या पदर खोचून वेळेआधीच तयार असतात.

घरातील माणसांनी लक्षात ठेवावे असे

अनुभवाने आणि नोकरीतील ज्ञानाने जे कळले, त्यातले काही येथे नोंदविते.

थकवा हा आळस नसतो. इजा झालेल्या मेंदूला साध्या गप्पांसाठीही जास्त श्रम पडतात. महत्त्वाचे काम सकाळी ठेवावे, मध्ये विश्रांती द्यावी आणि एका वेळी एकाच माणसाने बोलावे. दूरदर्शन चालू असताना प्रश्न विचारू नयेत.

शब्द अडला तर लगेच पुरवू नये. थोडे थांबावे, आणि मदत हवी का ते विचारावे. चारचौघांत परीक्षा घेऊ नये. 'ओळखा पाहू मी कोण?' हा पाहुण्यांचा आवडता खेळ दारातच थांबवावा. पाहुण्याने स्वतःचे नाव सांगूनच आत यावे.

उंचावर चढणे, वाहन चालविणे, विहिरीवर किंवा नदीवर एकट्याने जाणे हे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. मद्य टाळावे. झटके येण्याची शक्यता काही रुग्णांत राहते. झटका आल्यास व्यक्तीला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि वेळ पाहावी. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविण्याचा काहीही उपयोग नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्ध न येता लगेच दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ज्येष्ठ वाचकांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. वयानुसार मेंदू किंचित आकसतो आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. त्यामुळे न्हाणीघरात घसरून डोके किरकोळ आपटले तरी आत हळूहळू रक्त साचू शकते आणि त्याची लक्षणे काही आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. अशा व्यक्तीने डोके आपटल्यास बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूची अशक्तता, चालताना तोल जाणे, यांपैकी काहीही दिसले तर 'वयामुळे होते' असे म्हणून थांबू नये. पडल्यानंतर माणूस उठून बसला आणि नीट बोलला म्हणजे धोका टळला असेही समजू नये. आमच्या अंगणात तो एक तास तसाच गेला होता.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, आणि मेंदूच्या इजेमुळे कायमची गेलेली वाचा त्यात मोडू शकते. हात-पाय, वाचा, आकलन यांपैकी जे कायमचे बाधित झाले असेल त्याची तपासणी करून घेऊन प्रमाणपत्राची चौकशी करावी. त्यात कमीपणा नाही. रुग्ण किंवा शुश्रूषा करणारी व्यक्ती मनाने खचत असेल तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र केव्हाही, विनाशुल्क, मराठीतून बोलता येते. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली तर ती कधीही हसण्यावारी नेऊ नये.

देवळातली जागा

दुसऱ्या श्रावणात अण्णा देवळात गेलेच नाहीत. तिसऱ्या श्रावणात गेले, मागे खांबाला टेकून बसले आणि न बोलता परत आले. त्या रात्री वहीत लिहिले होते, 'आज देवळात बसलो.'

गेल्या श्रावणात पोथी वाचायला आमच्या वाडीतली एक कॉलेजची मुलगी बसली. तिचा आवाज खणखणीत, पण जुन्या शब्दांचा अर्थ तिला लागेना. एका ओवीशी ती थांबली आणि सहज मागे वळून म्हणाली, "गुरुजी, याचा अर्थ काय?" देवळात शांतता पसरली. मला पहिल्या श्रावणाची ती मिटलेली पोथी आठवली आणि मी वहिनींचा हात धरला. अण्णांनी वेळ घेतला. मग लहान लहान वाक्यांत, एकेक शब्द जुळवीत, त्यांनी अर्थ सांगितला. अलीकडच्या गोष्टी निसटत असल्या तरी वीस वर्षे मुरलेले ते शब्द त्यांच्यापाशी होते. मुलीने पुढच्या पाच ओव्या वाचल्या, अण्णांनी अर्थ सांगितला. असे दोन-तीनदा झाले. मग एका वाक्याच्या मध्येच ते अडले. शब्द येईना. मी श्वास रोखला.

अण्णांनी कपाळावरून हात फिरविला, मुलीकडे पाहिले आणि म्हणाले, "आज एवढेच. उरलेले उद्या."

त्यांच्या आवाजात ओशाळलेपण नव्हते. शाळा सुटताना फळा पुसून म्हणावे, तसे ते म्हणाले. मुलीने पोथीला नमस्कार केला, आरती झाली, खिरापत वाटली गेली आणि माणसे घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी अण्णा तांब्या-पेला घेऊन वेळेवर देवळात हजर होते.

वहिनींच्या त्या पहिल्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर आज द्यायचे झाले, तर मी म्हणेन: "वहिनी, पूर्वीसारखे बहुधा होणार नाहीत. पण आपले राहतील, आणि जे आहेत ते काय काय करू शकतात, हे आपल्याला अजून पुरते ठाऊक नाही." हे उत्तर ऐकायला कठीण आहे, पण त्यात कोणाला रोज हरावे लागत नाही.

यंदाही मे महिना आला. कौले परतायला खालच्या वाडीतला तरुण आला होता. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि हातातल्या काठीने फुटकी कौले दाखवीत होते. दोनदा त्यांनी चांगलेच कौल दाखविले. मुलगा वरून हसला, अण्णाही हसले.

वाचकहो, आपल्या घरीही कोणी असे वेगळे होऊन परतले असेल, किंवा आपणच तसे परतला असाल, तर हे दोन शब्द घरात रूढ करून पाहा. ते रुग्णाला म्हणता येतात, शुश्रूषा करणाऱ्यालाही म्हणता येतात, आणि त्यानंतर उद्याचा दिवस शिल्लक राहतो. सदराची जागाही आता संपत आली आहे. आज एवढेच.